निघाला अर्जेंटिनाला, पोचला न्यू जर्सीला

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पक्षीनिरीक्षकांच्या फोनवर एखाद्या दिवशी एकच गडबड उडते. कुठल्यातरी शेताच्या कडेला, कुंपणाच्या तारेवर एक पक्षी बसलेला कुणाला तरी दिसलेला असतो. डोकं काळं कुळकुळीत, जणू टोपी घातलेली. पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र. आणि शेपूट? अंगाच्या दुप्पट लांब, काळी, मधोमध चिरलेली, वाऱ्यावर रिबिनीसारखी हलणारी. तासाभरात तिथे गाड्यांची रांग लागते. लोक कामावरून अर्धी रजा टाकून येतात, लहान मुलांना शाळेतून उचलून आणतात.

एवढी धावपळ कशासाठी? तर हा पक्षी त्या देशाचा नाहीच. तो दक्षिण अमेरिकेच्या गवताळ मैदानांचा रहिवासी. सप्टेंबरच्या अखेरीस त्याने ब्राझील, उरुग्वे किंवा अर्जेंटिनाच्या वाटेवर असायला हवं. तो हजारो किलोमीटर दूर, नेमक्या उलट्या टोकाला येऊन बसला आहे.

‘वाट चुकला बिचारा’ असं म्हणून हा विषय संपवता येतो. पण मला तो तिथून पुढे सुरू होतो असं वाटतं. कारण या पक्ष्याचं चुकणं वेडंवाकडं नाही, त्याला शिस्त आहे. तो ठरावीक महिन्यांत चुकतो आणि ठरावीक दिशेने चुकतो. ती चूक नीट वाचली, तर मूठभर आकाराचा जीव हजारो किलोमीटरची वाट कशी शोधतो, याचा थोडा उलगडा होतो.

आधी ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव तिरॅनस सवाना. अर्जेंटिनात त्याला तिहेरेता म्हणतात, ब्राझीलमध्ये तेझोरिन्या. दोन्ही नावांत कात्री आहे. आपण या लेखात तिहेरेता म्हणू. शेपटीसह नराची लांबी 37 ते 41 सेंटीमीटर भरते, मादीची 28 ते 30. वजन मात्र तीसेक ग्रॅम, म्हणजे आपल्या अंगणातल्या चिमणीएवढंच. बाकी सगळी शेपूट!

चार्ल्स डार्विनने 1833 साली पाराना नदीच्या प्रवासात हा पक्षी पाहिला होता. ब्वेनोस आयरेसच्या आसपास तो घराजवळच्या ओंबूच्या झाडावर बसतो, किडा दिसला की छोटी झेप घेतो आणि परत त्याच जागी येतो, अशी नोंद त्याने केली. हवेत तो एकदम वळतो आणि वळताना शेपूट कधी आडवी, कधी उभी उघडतो-मिटतो, थेट कात्रीसारखी, हेही त्यानेच लिहून ठेवलं. एखाद्या पाकोळीचं कुणी अतिरंजित चित्र काढावं तसा हा दिसतो, असं त्याला वाटलं होतं.

मराठी वाचकाला मात्र पाकोळीपेक्षा कोतवाल आठवेल. आठवायलाच हवा. तारेवर बसायचं, उडता किडा टिपायचा, परत तारेवर. चिरलेली शेपूट. आणि घरट्याच्या आसपास शिक्रा फिरकला, घार आली, की आपल्याहून कितीतरी मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर टोचा मारत त्याला गावाबाहेर काढायचं. आपल्याकडे कोतवालाच्या झाडावर होले, हळद्या निर्धास्त घरटं बांधतात ते याच भरवशावर. तिहेरेताही घरट्यापाशी ससाण्यांना आणि घारींसारख्या पक्ष्यांना असाच पिटाळून लावतो. या वंशाला शास्त्रज्ञांनी दिलेल्या ‘तिरॅनस’ या लॅटिन नावाचा अर्थ हुकूमशहा. आपल्या लोकांनी कोतवाल म्हटलं. स्वभाव तोच दिसला. एकाने त्यात जुलूम पाहिला, दुसऱ्याने गावची राखण.

गंमत म्हणजे या दोघांचं नातं जवळपास नाही. कोतवाल आणि लांब पांढऱ्या शेपटीचा आपला स्वर्गीय नर्तक हे कावळ्यांच्या लांबच्या गोतावळ्यातले. तिहेरेता ज्या कुळातला आहे ते कूळ फक्त अमेरिका खंडांत सापडतं. त्यात चारशेहून जास्त जाती आहेत; जगातलं पक्ष्यांचं सर्वांत मोठं कूळ तेच. उघड्या माळावर हवेतला किडा पकडायचा तर झटकन वळता आलं पाहिजे, हा एकच प्रश्न दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांसमोर आला आणि दोघांचं उत्तर सारखं निघालं.

आता त्याचं वर्ष कसं जातं ते पाहू. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात. आपल्याकडे दिवाळीत थंडीची चाहूल लागते तेव्हा अर्जेंटिनात वसंत बहरलेला असतो. दक्षिणेकडचे तिहेरेता ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये घरटी करतात. जानेवारीच्या अखेरीस, फेब्रुवारीत तिथला उन्हाळा कलायला लागतो, आणि पिल्लांसह हे पक्षी उत्तरेकडे निघतात. अमेझॉनच्या जंगलावरून पुढे जात त्यांतले पुष्कळ व्हेनेझुएला आणि कोलंबियामधल्या ओरिनोको नदीच्या मैदानात पोचतात. या मैदानाला यानोस म्हणतात. एप्रिलपासून तिथे पाऊस लागतो, गवत वर येतं, किड्यांचा सुकाळ होतो. तिथेच ते जुनी पिसं टाकून नवी धारण करतात आणि हजारोंच्या संख्येने एकत्र रात्रीचा मुक्काम करतात. काही समुद्र ओलांडून त्रिनिदाद बेटावरही जातात. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परतीचा प्रवास. पुन्हा दक्षिण, पुन्हा घरटं.

एवढ्या लहान पक्ष्याचा हा प्रवास कळला कसा? अलेक्स जान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझील आणि अर्जेंटिनातल्या पक्ष्यांच्या पाठीवर जिओलोकेटर नावाचं छोटंसं यंत्र बांधलं. ते उपग्रहाशी बोलत नाही. ते फक्त उजेड किती आहे आणि किती वाजले हे टिपत राहतं. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला हे कळलं की दिवसाची लांबी कळते, त्यावरून अक्षांश निघतो. माध्यान्ह कधी झाली यावरून रेखांश. अडचण एकच: पक्षी वर्षभराने परत आल्यावर तोच पुन्हा पकडावा लागतो, तेव्हाच यंत्रातली माहिती हाती येते. तिहेरेता विणीला पुन्हा त्याच परिसरात परततात, म्हणून हे जमलं.

तर, सप्टेंबर. यानोसमध्ये पोट भरलं आहे, पिसं नवी आहेत, दक्षिणेला घर बोलावतं आहे. काराकास शहरापासून ब्वेनोस आयरेस सरळ रेषेत सुमारे 5,100 किलोमीटर दक्षिणेला आहे. त्याच काराकासपासून न्यू यॉर्क सुमारे 3,400 किलोमीटर उत्तरेला. या दोन रेषा कागदावर ओढून बघा. काराकासपाशी आरसा धरावा तशा त्या दिसतात.

गाय मॅकॅस्की आणि मायकल पॅटन यांनी 1994 साली अमेरिका आणि कॅनडातल्या तिहेरेताच्या त्या वेळपर्यंतच्या शंभरावर नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा हाच आरसा समोर आला. बहुतेक नोंदी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या होत्या आणि मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरच्या. आता जरा विचार करा. मेक्सिकोच्या दक्षिण भागात आणि मध्य अमेरिकेतही तिहेरेता राहतात. ते अमेरिकेला कितीतरी जवळ. चुकून कुणी यायचंच तर शेजाऱ्याने यावं, असं आपल्याला वाटेल. पण संग्रहालयांत ठेवलेले नमुने तपासले तेव्हा ते जवळजवळ सगळे दूरच्या, दक्षिण टोकाच्या उपजातीचे निघाले. शेजारी घरीच होता. जो आला तो सर्वांत लांबून आला होता.

याचं कारण साधं आहे. उत्तरेकडचे तिहेरेता फारसं स्थलांतर करत नाहीत, बरेचसे वर्षभर एकाच मुलखात राहतात. जो प्रवासाला निघतच नाही तो वाट कशी चुकणार? दक्षिणेकडचा मात्र दरवर्षी हजारो किलोमीटर जातो. त्याच्या अंगात लांब उडण्याची ऊर्मी आहे, चरबीचा साठा आहे, वेळापत्रक आहे. फक्त दिशा बरोबर उलटी झाली, 180 अंशांनी फिरली, तर तो तितक्याच निष्ठेने, तितक्याच वेगाने उत्तरेला जाईल. शास्त्रज्ञ याला उलटं स्थलांतर म्हणतात. त्या पक्ष्याच्या लेखी तो घरी चालला आहे. न्यू जर्सीत पानं पिवळी पडत असताना तो पोचतो, म्हणून तिथले लोक त्याला शरद ऋतूतला पाहुणा म्हणतात. तो मात्र वसंताच्या शोधात निघालेला असतो.

मग दिशा बरोबर उलटीच का व्हावी? पूर्व-पश्चिमेला थोडी ढळली असती तर समजलं असतं. याचं एक फार सुंदर उत्तर पक्ष्यांच्या होकायंत्रात दडलेलं असू शकतं.

आपल्या होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. पक्ष्याचं होकायंत्र तसं काम करत नाही. 1972 साली जर्मनीत फ्रँकफर्टला वोल्फगांग आणि रोझविथा विल्टश्को या दांपत्याने युरोपातल्या रॉबिन पक्ष्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात. एखादी चुंबकसुई मधोमध दोऱ्याने टांगली आणि तिला वर-खाली हलायची मोकळीक दिली, तर चुंबकीय विषुववृत्तावर ती आडवी राहील. तिथून जसजसं ध्रुवाकडे जावं तसतशी ती जमिनीकडे झुकत जाते. उत्तर गोलार्धात तिचं उत्तर टोक खाली, दक्षिण गोलार्धात दक्षिण टोक खाली. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. 1963 साली केरळातल्या थुंबा गावातून भारताने पहिलं रॉकेट सोडलं, ती जागा निवडण्यामागे हेच कारण होतं.

विल्टश्कोंनी पिंजऱ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण तशीच ठेवून फक्त झुकाव उलटा केला. आपलं होकायंत्र ढिम्म हललं नसतं. रॉबिन मात्र उलट दिशेला तोंड करून फडफडू लागले. म्हणजे रॉबिनला उत्तर-दक्षिण कळत नाही. त्याला रेषेचा झुकाव कळतो. ‘रेषा जमिनीकडे झुकते ती बाजू ध्रुवाची, वर उठते ती विषुववृत्ताची’, एवढंच त्याचं होकायंत्र सांगतं.

युरोपात राहणाऱ्या रॉबिनला तेवढं पुरतं, कारण तो चुंबकीय विषुववृत्त ओलांडत नाही. तिहेरेताला ओलांडावं लागतं. दक्षिण अमेरिकेत ही रेषा भौगोलिक विषुववृत्ताच्या खाली उतरलेली आहे. पेरूमध्ये तर ती सुमारे 12 अंश दक्षिणेला, लिमा शहराजवळून जाते. अर्जेंटिनातून निघालेला पक्षी आधी ‘विषुववृत्ताकडे’ उडतो. रेषा ओलांडली की त्याच सरळ वाटेवर उडत राहण्यासाठी त्याच्या आतल्या सूचनेला बदलावं लागतं: आता ‘ध्रुवाकडे’. परतताना पुन्हा तसंच. यानोसमधून ‘विषुववृत्ताकडे’, आणि रेषेपलीकडे गेल्यावर ‘ध्रुवाकडे’. विषुववृत्त ओलांडणाऱ्या काही जातींमध्ये असा बदल खरोखर होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. चुंबकीय विषुववृत्तासारखं आडवं क्षेत्र काही काळ अनुभवलं की त्यांची पसंती उलटते.

आता समजा, सप्टेंबरमध्ये यानोसच्या मैदानात एखाद्या पक्ष्याची ही कळ चुकीच्या बाजूला राहिली. त्याला आतून आवाज येतो, ‘ध्रुवाकडे चल’. घर ध्रुवाकडेच आहे, खरं आहे. पण तो उभा आहे रेषेच्या उत्तरेला. इथे ध्रुवाकडे म्हणजे उत्तरेकडे. तो कॅरिबियन समुद्रावरून निघतो आणि पुढे न्यू जर्सी. तिहेरेताच्या बाबतीत हा अजून अंदाजच आहे. पण चूक अर्धवट तिरकी न होता आरशातल्यासारखी का होते, हे त्यातून जितकं सहज समजतं तितकं दुसऱ्या कशातून समजत नाही, म्हणून मला तो पटतो.

यात अनुभवाचाही भाग आहे. याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आपल्या भोरडीच्या युरोपियन भावंडांवर झालेला आहे. भोरड्या थंडीत ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरतात, तशाच युरोपातल्या स्टार्लिंग शरद ऋतूत नेदरलँड्समधून जातात. ए. सी. पेर्डेक या डच शास्त्रज्ञाने तिथे अकरा हजारांहून जास्त स्टार्लिंग पकडल्या, पायात कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. निष्कर्ष 1958 साली प्रसिद्ध झाले. जुनेजाणते पक्षी वळले आणि नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे, इंग्लंड-उत्तर फ्रान्सकडे निघाले. पहिल्यांदाच प्रवास करणारी पिल्लं मात्र वळली नाहीत. नेदरलँड्समधून ज्या दिशेने गेली असती त्याच दिशेने ती उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनला पोचली. जन्मतः मिळतं ते फक्त ‘या दिशेला, इतके दिवस उड’ एवढं. ‘मी आत्ता कुठे आहे’ हे पक्षी प्रवासातून शिकतो.

म्हणून वाट चुकलेल्या पाहुण्यांत सर्वत्रच कोवळ्या पक्ष्यांचा भरणा जास्त असतो. तिहेरेताच्या बाबतीत इथे एक बारकावा आहे. उत्तर अमेरिकेतलं पिल्लू जूनमध्ये जन्मतं आणि तीन-चार महिन्यांत पहिल्या प्रवासाला लागतं. तिहेरेताचं पिल्लू नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेलं. सप्टेंबरपर्यंत ते नऊ-दहा महिन्यांचं झालेलं असतं, आणि एक मोठा प्रवास त्याने पारही पाडलेला असतो. जाणं जमलं, येणं पहिल्यांदाच करायचं आहे. आणि येताना कळ उलटी फिरवायची आहे.

वादळांचा हातभार असतोच. सप्टेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा ऐन महिना. उत्तरेकडे तोंड करून निघालेल्या पक्ष्याला पाठीमागून वारा मिळाला तर तो कॅनडापर्यंतही जातो; क्विबेक, न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया इथे तो दिसलेला आहे. पण सगळा दोष वाऱ्यावर टाकता येत नाही. वारा पक्ष्याला ढकलतो. आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने उडायला लावणं त्याला जमत नाही.

सूर्यावरच्या वादळांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळतं, त्याचा संबंधही आता जोडला गेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी 2023 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. साठ वर्षांत उत्तर अमेरिकेत जाळ्यात पकडून, कडी घालून सोडलेल्या वीस लाखांहून जास्त पक्ष्यांच्या, 152 जातींच्या नोंदी त्यांनी चाळल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अस्वस्थ असलेल्या काळात, विशेषतः शरद ऋतूत, भलत्या जागी सापडणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हा अभ्यास तिहेरेतावरचा नव्हे. पण होकायंत्रात गडबड झाली की पक्षी भरकटतात, ही गोष्ट त्यातून प्रयोगशाळेबाहेर, उघड्या आकाशात दिसली.

सगळेच पाहुणे मात्र उलट्या होकायंत्राचे नाहीत. काही थोड्या नोंदी मे-जूनमधल्या आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. फेब्रुवारीत दक्षिणेतून निघालेला पक्षी बरोबर दिशेने, उत्तरेला येतो, पण यानोसपाशी थांबायचं विसरतो. एसटीत झोप लागून स्टॉप मागे पडावा, तसं. दिशा बरोबर, अंतर चुकलं. चित्रकार आणि पक्षीनिरीक्षक जॉन जेम्स ऑड्युबॉन याने न्यू जर्सीत कॅमडनजवळच्या कुरणावर किडे पकडणारा तिहेरेता पाहिला, तो 1832 सालचा जून अखेरचा काळ होता. आज आपण त्या नोंदीकडे पाहिलं तर तो पुढे निघून आलेल्यांपैकी असावा असं वाटतं. टेक्सासमध्ये दिसणाऱ्यांत कधी कधी शेजारचा, मेक्सिकोकडचा पक्षीही असू शकतो. म्हणून नोंद करताना नुसतं ‘तिहेरेता दिसला’ म्हणून भागत नाही. कुठला, हे विचारावं लागतं.

ते ओळखायचं कसं? इथे या पक्ष्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते.

शेपटीने सगळ्यांचं लक्ष वेधलेलं असतं, पण ओळख लिहिलेली असते पंखावर. पंखाच्या टोकाची जी बाहेरची मोठी पिसं असतात, त्यांना टोकाशी खाच असते. कुणी कात्रीने तिरका काप द्यावा तशी. दक्षिणेकडच्या, लांब पल्ल्याच्या तिहेरेतामध्ये ही खाच ठळक असते, उत्तरेकडच्या घरकोंबड्यांमध्ये पीस सावकाश निमुळतं होत जातं. पाठीचा रंगही थोडा वेगळा: दक्षिणेकडच्यांची गडद राखाडी, उत्तरेकडच्यांची फिकट. संग्रहालयातल्या नमुन्यांचा मूळ गाव याच खुणांनी सांगितला गेला.

आणि ही खाच गाते! कोलंबियाच्या पक्षीशास्त्रज्ञ व्हॅलेंटिना गोमेझ-बाहामोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं की वेगाने उडताना ही पिसं थरथरतात आणि त्यातून एक कंप पावणारा, तीव्र आवाज निघतो. गळ्यातून नव्हे, पंखातून. नर मादीसमोर उडताना आणि शिकारी पक्ष्यावर झडप घालताना हा आवाज करतात. स्थलांतर करणाऱ्या आणि न करणाऱ्या तिहेरेतांची पिसं वेगळी, म्हणून त्यांच्या पंखांच्या आवाजाची पट्टीही वेगळी. वऱ्हाडी आणि मालवणी माणूस तोंड उघडताच ओळखू यावा, तसं काहीसं. मात्र इथे बोली पिसांत कोरलेली आहे.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक काम प्रसिद्ध केलं. पिढ्यांचा माग काढल्यावर दिसलं की स्थिर राहणारे तिहेरेता स्थलांतर करणाऱ्या पूर्वजांपासून आलेले आहेत. प्रवासी पक्ष्यांतले काही कधीतरी परत गेलेच नाहीत. जिथे पोचले तिथेच राहिले, तिथेच वीण केली आणि हळूहळू वेगळे झाले. म्हणजे आज ज्याला आपण चुकलेला पाहुणा म्हणतो, त्याच्यासारख्या कुणाच्या तरी न परतण्यातून पुढे एखादी नवी शाखा फुटू शकते.

हे निव्वळ कल्पनेतलं नाही. सायबेरियात वीण करणारा रिचर्ड्स पिपिट हा तिरचिमणीच्या गोतातला पक्षी हिवाळ्यात दक्षिण आशियात उतरतो. त्यातले काही दरवर्षी पश्चिमेला, थेट युरोपात भरकटायचे. 2021 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढणारे काही पिपिट पुढच्या वर्षी त्याच जागी परत येतात. हरवलेला पक्षी परत येत नसतो. परत येतो म्हणजे त्याची ती वाट झाली.

तिहेरेताच्या नशिबी उत्तर अमेरिकेत हे अजून आलेलं नाही, आणि कारणही उघड आहे. पहिली कडक थंडी पडली की उडते किडे संपतात. काही पक्षी झुडपांवरची फळं खाऊन दिवस काढतात. यानोसमध्येही ते फळं खातात, त्यामुळे ती सवय असते. काही दोन-तीन आठवडे एकाच शेतावर मुक्काम ठोकतात आणि एका सकाळी नाहीसे होतात. दक्षिणेला वळतात की थंडीत मरतात, हे प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही, पण बहुतेकांचा शेवट चांगला होत नसणार. गाड्यांची रांग लावून कौतुकाने फोटो काढताना हे मनात ठेवावं. तो भुकेला आहे, दमलेला आहे. त्याने तारेवरून झेप घ्यावी म्हणून त्याला उठवू नये. किडा दिसला की तो आपण होऊन झेप घेणारच आहे.

नोंदींबद्दल एक सावधगिरी. नकाशावर तिहेरेताचे ठिपके पूर्व किनाऱ्यावर दाटलेले दिसतात. त्यात किनाऱ्याचा वाटा आहे: पुढे समुद्र आला की जमिनीवरचा पक्षी थबकतो आणि कडेकडेने जमा होतो. न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाचं केप मे हे त्याचं उत्तम उदाहरण. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला डेलावेअरचा उपसागर, मध्ये निमुळती होत गेलेली जमीन. नरसाळ्यात धान्य ओतावं तसे पक्षी टोकाशी गोळा होतात. पण तिथे दुर्बिणीही सर्वांत जास्त आहेत. आत, मध्य-पश्चिमेच्या मैलोन्‌मैल मक्याच्या शेतांवर एखादा तिहेरेता उतरला तर त्याला पाहणार कोण? कॅलिफोर्नियातसुद्धा तो दिसलेला आहे. जो नोंदला गेला तो एक. त्याच्यामागे न दिसलेले किती, हे लक्षात घेऊनच नकाशा वाचायचा.

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास आणि एकूणच त्या राज्यात, मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि तिहेरेताच्या नोंदींमध्ये हे राज्य सुरुवातीपासून पुढे आहे. तेव्हा तिथे राहणाऱ्यांसाठी थोडं कामाचं बोलतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत जंगलात जाऊ नका, उघड्यावर बघा: कुरणं, भाज्यांची शेतं, खाडीकाठचं गवत, कुंपणाच्या तारा, एकटं उभं असलेलं झुडूप. कोतवाल जिथे बसला असता असं वाटेल ती जागा. शेपूट लांबच असेल असं धरून चालू नका. मादीची आणि कोवळ्या पक्ष्याची बरीच आखूड असते, झिजलेली असू शकते. काळी टोपी आणि पांढरा गळा यांच्यातली ठसठशीत सीमा बघा. अमेरिकेच्या मध्यभागातल्या ओक्लाहोमा राज्याचा राज्यपक्षी याचाच भाऊबंद आहे, त्याचीही शेपूट कात्रीसारखी. पण त्याचं डोकं फिकट राखाडी असतं आणि कुशीला गुलाबी-केशरी झाक, त्यामुळे गफलत व्हायचं कारण नाही.

आणि फोटो काढाल तेव्हा शेपटीचे दोन-चार काढून झाले की कॅमेरा पंखावर न्या. तो झेपावून परत तारेवर येताना पंख क्षणभर पूर्ण उघडतो. त्या क्षणी टोकाच्या पिसांचा एक स्वच्छ फोटो मिळाला, खाच दिसली, तर समोरचा पक्षी मेक्सिकोहून आलाय की विषुववृत्तापलीकडच्या पांपाच्या माळावरून, हे तुम्हाला तिथे उभ्या उभ्या सांगता येईल.